खांबखांबोळी

आमच्या वाड्याच्या चौकात खांब चार आणि आम्ही मुली पाच. त्यामुळे खांबखांबोळी रंगायची. चौघी खांब धरून उभ्या राहायच्या आणि पाचवीवर राज्य. ती एकेकीपुढं जाऊन आंबोळी मागायची. जिच्याकडे मागितली ती तिला पुढच्या खांबाकडे पिटाळायची, आणि तिची पाठ वळली की मागच्या दोघी एकमेकींचे खांब बदलायच्या. त्या पळापळीत एखादा खांब क्षणभर मोकळा पडायचा. तो धरला की राज्य फिटलं.

माझं राज्य फिटायचं नाही. पळण्यात मी कुणाला हार जाणारी नव्हते. पण खांब मोकळा पडायचा तेव्हा मी माळवदाच्या कडेनं चाललेल्या खारीबरोबर असायचे, नाहीतर स्टँडवरून सुटलेली एसटी शेवगावची की श्रीरामपूरची हे हॉर्नवरून ओळखत असायचे. भानावर यायचे तेव्हा चारही खांबांना मुली चिकटलेल्या. मग पुन्हा पहिलीपासून आंबोळी मागायची. असं करता करता दिवेलागण व्हायची.

आंबोळी आमच्या घरात कधी झालीच नाही. ती कोकणातली. आमच्याकडे बाजरीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, सणाला पुरणपोळी आणि तिच्यासोबत कटाची आमटी. कधी न चाखलेला पदार्थ घरोघर मागत फिरायचं, याचं तेव्हा हसू यायचं. हातात खांब नसला की माणूस खायला मागत सुटतं, हे त्या खेळात लिहिलेलंच होतं. मला ते वाचायला पंचेचाळीस वर्षं लागली.

मी नेवाशाची. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते हे गाव, प्रवरेच्या काठी, शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० साली. जुन्या देवळाचा उरलेला एक दगडी खांब तिथं आहे. माउलींनी त्याला पाठ टेकून गीता मराठीत सांगितली, अशी श्रद्धा. त्याला पैसाचा खांब म्हणतात. दुर्गा भागवतांच्या ज्या ललितलेखसंग्रहाला १९७१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्याचं ‘पैस’ हे नाव याच खांबावरून आलं. आजी मला तिथं न्यायची ती मात्र वेगळ्याच कामासाठी. “इथं पाठ लावून बस. गप. हलू नको जरा.” ज्या खांबापाशी नऊ हजार ओव्या उमटल्या, तिथं मला पाच मिनिटं बसवत नसे. खांबाचा गारवा पाठीला लागायचा आणि मन प्रवरेच्या पात्रात म्हशी मोजायला निघून जायचं.

नवव्या अध्यायाच्या आरंभी माउली श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागतात. अवधान. तेवढं द्या, मग सगळ्या सुखाला पात्र व्हाल, असं वचन देतात. पुढं माझ्या दुखण्याला मराठीत जे नाव मिळालं, त्यात नेमका हाच शब्द होता. अवधानाची उणीव. जिथं अवधान मागितलं गेलं त्या गावात मी जन्मले, आणि द्यायला तेवढं सोडून सगळं होतं माझ्याकडे.

त्या काळी या उणिवेला घरगुती नावं होती. आई म्हणायची वेंधळी. आत्या म्हणायची भिरभिरी. प्रगतिपुस्तकात बाई दर वर्षी तेच लिहायच्या, हुशार आहे, लक्ष नाही. लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं १९०२ साली अशा मुलांवर व्याख्यानं दिली होती. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत ‘अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर’ हे नाव आलं १९८० साली. तेव्हा मी पहिलीत. त्यातही ओळखू यायचे ते बाकांवरून उड्या मारणारे मुलगे. माझ्यासारखी मुलगी जागची न हलता वर्गाबाहेर जायची आणि हजेरीत ‘हजर’ लागायची.

खाणं कधी सुरू व्हायचं ते मला आठवत नाही. तेच तर दुखणं. नगरचा चिवडा घरी यायचा तो किलोनं. डबा उघडल्याचं आठवायचं नाही, बुडाला मोहरी आणि जळका कढीपत्ता दिसला की कळायचं, संपला. भूक लागली म्हणून खाल्लं, असं फार थोड्या वेळा झालं. भूक हे सावकाश येणारं, शहाणं माणूस आहे. ते दार वाजवून येतं. माझ्याकडे यायचा तो कंटाळा, आणि तो दार मोडूनच यायचा. लोकांना कंटाळा म्हणजे रिकामी दुपार. मला तो अंगावर कूस उडाल्यासारखा असायचा. काहीतरी कुरकुरीत, तिखट, गोड तोंडात पडलं की घटकाभर डोकं शांत. पुढं समजलं की मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, ‘हे करण्याजोगं आहे’ असा कौल ते देतं, आणि माझ्यासारख्यांच्या मेंदूत या कौलाचा कारभारच जरा वेगळा चालतो. बँकेतली बेरीज तो कौल देत नाही. बाकरवडी देते.

चाळिशीत मी एकशे बारा किलो होते. उंची पाच फूट दोन इंच. डाएट किती झाले ते सांगत नाही. प्रत्येकाची वही वेगळी घेतली होती आणि प्रत्येक वही चौथ्या पानावर हरवली. भारतीय माणसाच्या वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी तेव्हा बॉडी मास इंडेक्सचा आकडा धरत ३७.५, मधुमेहासारखं दुखणं सोबत असेल तर ३२.५. माझा पंचेचाळीस, आणि साखरही होती. २०१५ साली पुण्यातल्या एका इस्पितळात माझी स्लीव्ह झाली.

जठराची पिशवी उभी कापतात. तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कायमचा बाहेर काढतात आणि उरते केळ्याएवढी नळी. भुकेची वर्दी मेंदूला देणारं घ्रेलिन मुख्यत्वे कापलेल्या त्या भागातच तयार होतं, म्हणून जागेबरोबर भूकही घटते. पोटावर पाच लहान भोकं, तीन दिवसांत घरी. पहिलं वर्ष दृष्ट लागावी असं गेलं. दोन चमचे मुगाचं कढण घेतलं की पोट म्हणायचं, पुरे. कुणीतरी माझ्या वतीनं ‘पुरे’ म्हणतंय, हे सुख मला जन्मात ठाऊक नव्हतं. दीड वर्षात अडतीस किलो उतरले. मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या. नगरला सावेडीच्या रस्त्यावर ओळखीच्या बायका मला ओलांडून पुढं जायच्या आणि मग वळून बघायच्या.

पण शस्त्रक्रियेबरोबर एक कागद मिळतो. त्या कागदाविषयी लोक फारसं बोलत नाहीत. घास बारीक चावा, पंचवीस-तीस वेळा. जेवताना पाणी नाही; जेवणानंतर अर्धा तास थांबून प्या. दिवसाला साठ ग्रॅम तरी प्रथिनं, आधी ती, मग बाकीचं. मल्टिव्हिटॅमिन रोज. कॅल्शियम वेगळं, लोह वेगळं, दोन्ही एकत्र नाही. बी-१२. रक्ताच्या तपासण्या तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात, मग दर वर्षी, जन्मभर. दोन जेवणांच्या मध्ये तोंड चालवायचं नाही. मी तो कागद बसमध्ये वाचला, शिरूरपर्यंत. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. कापण्याचं काम सर्जननं दीड तासात केलं होतं. लक्षात ठेवण्याचं काम माझ्याकडे आलं होतं, आणि ते उरलेल्या आयुष्याचं होतं. ज्या बाईला गॅसवर दूध ठेवल्याचं आठवत नाही, तिच्या हातात हे वेळापत्रक!

नगरला उतरले तेव्हा कागद सीटवरच राहिला.

पुढचं सांगायला फार लागत नाही. सहाव्या महिन्याच्या तपासणीला मी आठव्या महिन्यात गेले. बाराव्याला गेले ती फाइल न घेता. सुपे, शिरूर, रांजणगाव, वाघोली, एवढा पल्ला मारून तिथं पोचले आणि काउंटरवर पिशवीत हात घातला तर विजेचं बिल. तिसऱ्या वर्षी गेलेच नाही. न जाण्यात विसर होता तसा संकोचही होता, कारण काटा पुन्हा चढायला लागला होता. लहान पोटात ताटभर जेवण मावत नाही, हे खरं. पण मूठमूठ चिवडा दिवसभर मावतो. नळी कितीही अरुंद असली तरी थेंब थेंब पाणी अडत नाही. आईस्क्रीम तर थांबतसुद्धा नाही. चौदा किलो परत आले. केस हातात यायला लागले, तळपायांना रात्री मुंग्या येऊ लागल्या. बी-१२ शोषून घ्यायला जठरातून पाझरणारा एक घटक लागतो. जठरच थोडं उरलं की तोही घटतो, आणि त्यात आमचं माळकरी घर. बी-१२ कमी झालं की विसराळूपणा वाढतो. विसराळूपणा वाढला की बी-१२ची गोळी राहते. असा हा रहाट गरगर फिरत होता आणि मी त्याला जुंपलेली.

एका सल्लागार बाईंनी मला सांगितलं, “मॅडम, ऑपरेशनचं सोनं करायला इच्छाशक्ती लागते.” त्यांचं नाव सांगायचं कारण नाही, त्या चांगल्याच होत्या. पण त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी वाघोलीपासून सुप्यापर्यंत रडले आणि सुप्याला भेळ घेतली.

नेवाशात मोहिनीराजाचं देऊळ आहे. समुद्रमंथनातलं अमृत विष्णूनं मोहिनी होऊन वाढलं, ती पंगत आमच्याकडे बसली होती, असं गावात सांगतात. राहू देवांच्या पंगतीत चोरून बसला. अमृत घशात उतरतं न उतरतं तोच सुदर्शन फिरलं. डोकं पडलं ती राहुरी आणि काया पडली ते कायगाव. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा मला एकच शंका यायची. पोट कायगावला राहिलं, मग राहुरीचं डोकं गिळतं कशासाठी? चंद्र गिळतो, सूर्य गिळतो, पण खाली काहीच नाही. गिळलेलं दुसऱ्या बाजूनं बाहेर. आजी म्हणायची, “अगं, भूक पोटात असती तर तिथंच संपली असती.”

शस्त्रक्रियेनंतर चौथ्या वर्षी ते वाक्य मला आठवलं. माझं पोट कापून बाजूला पडलं होतं. गिळणारं डोकं तसंच होतं.

उलगडा झाला तो भाच्यामुळे. शाळेनं त्याला तपासून घ्यायला सांगितलं होतं. बहीण एकटी नको म्हणून मी सोबत गेले. मानसोपचारतज्ज्ञांनी एक प्रश्नावली दिली. काम अर्धवट सोडतो का? वस्तू हरवतो का? बोलणं पुरतं ऐकून न घेता उत्तर देतो का? बहीण वाचत होती, मी ‘हो’ म्हणत होते, आणि सातव्या प्रश्नाला ती थांबून म्हणाली, “ताई, हे त्याचं चाललंय की तुझं?” डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “ताई, घराची चावी आठवड्यातून किती वेळा हरवते?”

“कुठली?” मी म्हटलं. “पहिली की दुसरी?”

ते हसले. मग दोन बैठका माझ्या झाल्या आणि दुखण्याला नाव मिळालं, एडीएचडी, अवधानाची उणीव. हे दुखणं घराण्यातून उतरतं, जवळजवळ उंची उतरते तसं. आमच्या नानांच्या हरवलेल्या छत्र्यांचा ढीग डोळ्यांपुढं आला. त्यांना कुणी रुग्ण म्हटलं नाही. आईनं जन्मभर त्यांच्यामागून छत्र्या उचलल्या, बस्स.

डॉक्टरांनी जे समजावलं त्यानं माझ्या मनावरचं ओझं काट्यावरच्या ओझ्याआधी उतरलं. एडीएचडी असलेल्या प्रौढांमध्ये लठ्ठपणा इतरांपेक्षा सुमारे सत्तर टक्के अधिक आढळतो, हे जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१६ साली मांडलं गेलं. त्याआधी २००२ साली अमेरिकेतल्या एका वजनाच्या दवाखान्यातल्या २१५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चारांत एकाहून अधिक जणांना ही उणीव निघाली. सर्वांत जड गटात तर दहांत चौघांना. म्हणजे वजन उतरवायला जे दारात येतात त्यांच्यातच आमची दाटी. आणि शस्त्रक्रियेनंतर? इथं मी श्वास रोखून ऐकलं. डॉक्टर म्हणाले, या लोकांचं वजन उतरतच नाही असं मुळीच नाही. अनेक अभ्यास एकत्र पाहिले तर सुरुवातीची उतरण इतरांच्या जवळपासच भरते. फरक पडतो तो दवाखान्यात परत येण्यात. तपासणीच्या तारखांना ही माणसं गळतात. म्हणजे नळी चोख काम करत असते. तिला हवी असलेली राखण तेवढी सुटून जाते.

वर्षानुवर्षं वजन न हटलेल्या ७८ जणांचा, २००९ सालचा, कॅनडातला एक अभ्यासही त्यांनी सांगितला. सगळ्यांना एडीएचडी होतं, शस्त्रक्रिया नव्हती. ज्यांनी त्याची औषधं घेतली त्यांचं सव्वा वर्षात सरासरी बारा टक्के वजन उतरलं. ज्यांनी घेतली नाहीत त्यांचं थोडं वाढलं. ही औषधं भूकही मारतात, त्यामुळे सगळं श्रेय अवधानाला देता येत नाही, हेही लगेच म्हणाले. मला तो माणूस तिथं आवडला.

गोळी सुरू झाली ती अगदी लहान मात्रेत. दिवसभर पुरणाऱ्या गोळ्या शस्त्रक्रियेनंतरच्या पोटात कशा विरघळतील याचा नेम नसतो, म्हणून नाडी आणि रक्तदाब बघत बघत. पहिल्या सकाळी काय झालं ते सांगते. मी भाजी निवडायला बसले आणि भाजी निवडून उठले. एवढंच. मेथीची जुडी संपली, देठ एकीकडे, पानं एकीकडे, आणि मधल्या वेळात मी कुठंही गेले नव्हते. डबा फळीवर होता. तो दिसला, आणि दिसल्यावर मी ठरवलं की नको. ‘ठरवलं’ हा शब्द माझ्या खाण्याच्या संदर्भात मी पहिल्यांदा वापरला. ज्याला इच्छाशक्ती म्हणतात ती मला आधीही होती. तिला उभं राहायला पायरीच नव्हती. डबा दिसणं आणि हात जाणं यांच्यामध्ये एका पायरीएवढी जागा लागते. त्या जागेलाच पैस म्हणत असतील का, असं मला वाटून गेलं.

त्या सुमारास मी पुष्कळ वर्षांनी नेवाशाला गेले. खांबापाशी सहावा अध्याय उघडला. लहानपणी आजी वाचायची आणि मी म्हशी मोजायचे, तोच हा अध्याय. गीतेच्या या अध्यायात कृष्ण आधी खाण्याचं सांगतो: फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि काहीच न खाणाऱ्यालाही नाही, आहार मापात हवा. मग काही श्लोकांनी अर्जुन हात टेकतो, म्हणतो, हे मन तर वाऱ्यासारखं आहे, ते धरायचं कसं? मापातलं खाणं आणि न ठरणारं मन, दोन्ही एकाच अध्यायात. आमच्याकडे मात्र एकाचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आणि दुसऱ्याचा दुसऱ्या गावात. आणि कृष्णाचं उत्तर? तो अर्जुनाला आळशी म्हणत नाही. आधी कबूल करतो की हो, मन चंचल आहे, धरायला कठीण आहे. मग अभ्यास सांगतो, म्हणजे तेच ते रोज, पुन्हा.

ज्ञानेश्वरीच्या अखेरीला नोंद आहे की ती सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. म्हणजे माउलींनासुद्धा पाठीला खांब होता आणि शेजारी लिहून घेणारा होता. सगळं स्वतःच्या डोक्यात धरून ठेवायचा हट्ट त्यांनी केला नाही. मग मी कोण?

आता माझ्या घरात चार खांब आहेत. एक, सात खणांची गोळ्यांची डबी. रविवारी बहीण आली की ती भरायची. दोन, मोबाइलवरचे तीन गजर; तिसरा अर्ध्या तासाच्या पाण्याचा. तीन, सकाळची ती लहान गोळी. चार, शेजारच्या वहिनी, ज्या सहाला बेल वाजवतात आणि मला चालायला नेतात. मी विसरले तरी त्या विसरत नाहीत. चिवडा येतो, पण पावशेराच्या पुडीत. आलेल्या चौदा किलोंपैकी आठ गेले. सहा आहेत. ते कदाचित राहतील. एखादी दुपार अजून खारीबरोबर जाते आणि हात आंबोळी मागायला निघतो. पण आता चुकून मागं वळले तर एखादा खांब हाताला लागतो.

शस्त्रक्रिया करू नका असं मी कुणाला सांगणार नाही. माझी साखर तिनंच उतरवली, आणि विचारलं तर मी पुन्हा करेन. सर्जन मंडळींना एवढंच सांगणं आहे, पोटाची सोनोग्राफी करता, हृदय तपासता, त्याच फाइलमध्ये एक ओळ वाढवा. चावी किती वेळा हरवते, हे विचारा. उत्तरात माणूस हसला आणि मग गप्प झाला, तर त्याला कागद देऊन पाठवू नका. त्याच्याबरोबर एक खांब द्या.

पुढच्या मंगळवारी वर्षाची तपासणी आहे. बस सकाळी साडेसहाची, तारकपूरहून. फाइल दाराच्या कडीला बांधून ठेवली आहे. ती सोडल्याशिवाय दार उघडत नाही.